तांबड्याआधीचा हिरवा

१

चुन्यात नीळ का घालतात, या प्रश्नानं मी वर्ग सुरू करायचो. भिंतीला चुना देताना नीळ घालायची, हे पाथरीत सगळ्यांना माहीत होतं. का घालायची, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "पांढरंफटक दिसतंय की," एवढं उत्तर यायचं. असल्या उत्तरांचा मला राग यायचा.

मग मी पुठ्ठ्यावर रंगवलेलं रंगचक्र पुढं धरायचो. तांबडा, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग. दोन दोन कालवले की नारिंगी, हिरवा, जांभळा. चक्रात जो रंग ज्याच्या बरोबर समोर बसतो, तो त्याचा विरोधी. तांबड्याचा हिरवा, निळ्याचा नारिंगी, पिवळ्याचा जांभळा. विरोधी रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना पेटवतात. एकमेकांत कालवले तर एकमेकांना विझवतात, आणि खाली उरतो राखेचा रंग. चुना वाळला की त्यावर पिवळट-नारिंगी झाक येते. चिमूटभर नीळ ती झाक विझवते. एवढंच. यात जादू नाही, नियम आहे.

मी मुंबईहून चित्रकला शिकून आलो होतो. हैदराबादेत सरकारी नोकरी मिळत होती, ती नाकारली. तिथं उर्दूतून शिकवावं लागलं असतं, आणि माणसानं निदान रंग तरी आपल्या भाषेत ओळखावेत, असं माझं म्हणणं होतं. वर्गाची परवानगी काढता काढता मेटाकुटीला आलो. लढाई चालू होती, विलायती रंग बाजारातून गेले होते. आम्ही गेरू, नीळ आणि काजळ खलून भागवत होतो.

जागा सिद्धलिंगअप्पांनी दिली. पेठेत त्यांचं किराणा दुकान, दुकानामागं घर, आणि घराला रस्त्याच्या बाजूनं एक मोकळी खोली. खोलीची पश्चिमेची भिंत कोरी होती. सकाळचं ऊन खिडकीतून थेट तिच्यावर पडायचं. वर्गाला याहून चांगली भिंत मिळाली नसती. तिच्यात फक्त एक लाकडी खुंटी होती, तीही फार खाली. माणूस मांडी घालून बसला तर त्याच्या मानेमागं येईल इतकी खाली. टोपी अडकवायची तरी वाकावं लागायचं. इतक्या खाली खुंटी कोण ठोकतं, असं एकदा मनात आलं आणि मी ते विसरून गेलो.

२

त्या सकाळी डोळ्यांचा प्रयोग होता. पतंगाच्या तांबड्या कागदाचा गोल कापून मी पाटीवर चिकटवला होता.

"या गोलाकडं टक लावून बघायचं," मी सांगितलं. "पापणी हलवायची नाही. मी म्हणेन तेव्हा एकदम भिंतीकडं बघायचं. तिथं हिरवा गोल दिसेल. डोळा तांबड्याला थकतो. थकलेल्या डोळ्याला पांढऱ्यातलं तांबडं टिपता येत नाही, म्हणून हिरवं उरतं. ती छाया भिंतीवर नसते, डोळ्यात असते. डोळा फिरवला की तीही फिरते. हातातल्या कागदावर बघितली तर लहान दिसते, लांबच्या भिंतीवर मोठी."

वर्गात शिंपी बन्सीधर होता, पेठेतल्या कापडदुकानांतले काही गुमास्ते होते, आणि रायभान होता. रायभानच्या घरी मेंढरं आणि घोंगड्यांचा माग. विणकामात रंग बसवायचे म्हणून तो यायचा आणि सगळ्यांत जास्त बोलायचा.

"मास्तर, एक इचारू का?"

"आधी बघ. मग विचार."

"न्हाई, आदीच इचारतो. तुमी म्हंता, तांबडं बगितल्यावर भित्तीवर हिरवं दिसतंय."

"हो."

"मला तर न बगताच दिसायलंय."

वर्ग हसला. बन्सीधर म्हणाला, "आरं, मेंढरांच्या मागं हिंडून हिंडून तुज्या डोळ्यात गवत उगवलंय."

"हासा. त्या खुंटीखाली बगा, मंग हासा."

सगळ्यांनी बघितलं. हसणं एकदम थांबलं नाही. एकेकजण गप्प होत गेला.

"ओल आसंल," बन्सीधर म्हणाला.

बाहेर चैत्राचं ऊन होतं. नदीकाठचा पळस फुलून झडला होता. ओल विहिरीतसुद्धा उरली नव्हती.

मी पाटी खाली ठेवली आणि वर्ग लवकर सोडला. डोकं दुखतंय असं सांगितलं. दुखत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी मी एकटा जाऊन बसलो. आता मलाही ते दिसत होतं. खुंटीखाली निळसर हिरवी, फार फिकी झाक. खालून रुंद, वर निमुळती. रंगाचा अभ्यास केलेल्या माणसाला हे आधी का दिसलं नाही, याचीच मला चीड आली.

मी रीतीनं तपासायला लागलो. नजर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली. झाक नजरेबरोबर आली नाही, जागच्या जागी राहिली. पांढरा कागद डोळ्यांपुढं धरला. कागदावर काही नव्हतं. कागद काढला, भिंतीवर होतं. म्हणजे ते माझ्या डोळ्यात नव्हतं. मग चुन्यात असणार. मी चाकूनं थोडा चुना खरवडला. आतपर्यंत पांढरा. जवळ गेलं की नुसती भिंत, मागं सरकून बसलं की पुन्हा ती झाक.

ऊन वर चढलं तशी आणखी एक गोष्ट दिसली. हिरव्याच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, एक जांभळट कमान होती. छातीच्या उंचीवर, असा शब्द मनात आला तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो. रस्त्यावरून बैलगाड्या चालल्या होत्या. समोरचा तेली दुकान झाडत होता. सगळं नेहमीचं होतं.

मी वळून पाहिलं. वरच्या निमुळत्या भागात आडव्या रेघा होत्या, काळपट, एकीखाली एक अशा तीन.

मला भीती वाटली नाही. मला एक हिशेब छळत होता. डोळा खोटं बोलत नाही. पांढऱ्यावर हिरवं दिसतं, तेव्हा त्याआधी समोर तांबडं असतं. मग आम्ही सगळे रोज सकाळी या खोलीत बसून कशाकडं टक लावून बघत होतो?

४

"मास्तर, तितं पेटी नका ठिवू."

सिद्धलिंगअप्पांच्या आई, चन्नबसम्मा, दारात उभ्या होत्या. मी रंगांची पेटी खुंटीखाली सरकवत होतो.

"का? इथं काय आहे?"

"काय न्हाई. ह्यांना बसवलं व्हतं तितं."

लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, मांडी घालून भिंतीशी बसवतात, पुरतानाही बसलेलंच पुरतात. मान पडू नये म्हणून मागं खुंटीला बांधतात. गुरुसिद्धप्पांना, म्हणजे त्यांच्या मालकांना, परवाच्या उन्हाळ्यात इथं बसवलं होतं.

"सिद्धू हैदराबादला मालाला गेलता," त्या म्हणाल्या. "तार केली. गाडी चुकली त्याची. त्यो येईस्तोवर समदे हितंच बसून. ह्यांच्याकडं बगत. दुसरीकडं कुटं बगनार?"

"अंगावर शाल होती का?"

"व्हती की."

"तांबडी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तांबडी. गळ्यात झेंडूचा हार. तुमाला कुनी सांगितलं?"

झेंडू पिवळा. पिवळ्याचा विरोधी जांभळा. आणि कपाळाला पांढरं भस्म, आडव्या तीन बोटांचं. पांढऱ्याची छाया काळी पडते. सगळं जुळत होतं, आणि जुळतंय याचाच मला आनंद झाला. खरंच आनंद झाला. मी उत्साहानं सांगायला लागलो, "आई, यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही सगळे फार वेळ एकाच ठिकाणी बघत बसलात. डोळा थकला. तुमच्या डोळ्यांत ती छाया राहिली."

"आमच्या डोळ्यात ऱ्हायली आसंल," त्या म्हणाल्या. "पन तुमी तर तवा हितं नव्हता."

५

गौराबाई, सिद्धलिंगअप्पांची बायको, वर्ग सुटल्यावर पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि थांबली. तिचे दिवस भरत आले होते. एरवी ती माझ्याशी बोलत नसे.

"मास्तर, तुमाला त्ये पुसता येतंय का?"

"काय?"

"तुमाला ठावं हाय काय ते."

मी म्हटलं, चुना द्या पुन्हा. ती म्हणाली, दोनदा दिला. वाळला की तसंच.

"माजं पैलं लेकरू ह्याच खोलीत झालं," ती म्हणाली. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "अंगावर घ्यायचे, तर तोंड फिरवायचं. तिकडं बगायचं. रडत न्हाई, काय न्हाई. पापनी न हालवता नुसतं बगायचं. मी कूस बदलली तर त्ये मान वळवायचं. बारशापतूर ऱ्हायलं न्हाई."



"मग दुसऱ्या खोलीत व्यवस्था करा," मी म्हणालो. "हे इतकं सोपं आहे."

"मागं मिरचीची पोती हायत. आन् माहेरी झरीला आई न्हाई, कोन करनार? सासूबाई म्हंत्यात, नातू मामंजींच्या म्होरंच व्हायला पायजे. त्येंचं बगायचं ऱ्हाऊन गेलं म्हून."

असल्या गोष्टींवर माझा तोल जातो. एका बाईचं मूल गेलं, दुसरं जायची भीती आहे, आणि घर मानपान सांभाळतंय! मी तिथल्या तिथं शब्द दिला. "तुम्ही या खोलीत याल तेव्हा त्या भिंतीवर काही नसेल."

"चुना तर—"

"चुन्यानं नाही जाणार. चुना म्हणजे पांढरं, आणि पांढऱ्यावर ते दिसतंच. त्याला त्याचा विरोधी रंग हवा."

तिला ते कळलं नाही. पण पदराचं टोक तिनं सोडून दिलं.

चन्नबसम्मांना विचारायला गेलो तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो. त्या सुपात डाळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पुसा की. मी कुटं नको म्हंते? पन बसलेल्या मानसाला उटवायचं, तर दुसरी जागा दावावी लागती, मास्तर. येवडी रीत तर तुमच्या मुंबईतबी आसंल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

६

वर्ग रायभानच्या घोंगड्यांच्या मागाजवळ हलवला आणि मी भिंतीचं काम धरलं.

पातळ चुन्यात गेरू कालवून हलका हात द्यायचा. वाळू द्यायचं. लांब बसून बघायचं. हिरवं कुठं उरलंय, तांबडं कुठं जास्त झालंय, हे नजरेनं जोखायचं. पुन्हा हात द्यायचा. रंग जुळवायचा तर बघावंच लागतं, दुसरा उपाय नाही. ऊन भिंतीवर आलं की बसायचो, ऊन भिंतीवरून उतरलं की उठायचो.

छातीवरच्या जांभळ्यासाठी पिवळा हवा होता. घाईत हळद घातली. चुन्यात हळद लाल होते, हे लहान पोरालाही माहीत असतं. त्या खुंटीखाली, त्या आकाराच्या छातीवर, बघता बघता कुंकवाचा डाग उमटला.

"मास्तर," रायभान म्हणाला. तो बादली धरायला आला होता. "तुमी पुसायलाव का नटवायलाव?"

"गप बस. पिवळी माती आण."

"आनतो. पन तुमी जरा उटा. सकाळपसनं पापनी हालली न्हाई तुमची."

पिवळ्या मातीनं जांभळा विझला. मग तीन रेघांवर पांढरा. मग पुन्हा गेरू. पहिल्यांदा आकार उलट जास्त ठळक झाला. कडा सुटल्या, गुडघे कळायला लागले. मला वाटलं, हरलो. पण नियम हा नियम असतो. दर हाताबरोबर हिरवं मागं सरत गेलं. डोळ्यांना पाणी सुटायचं. घरी जाऊन भाकरी खायचा कंटाळा यायचा. आडवा पडलो तरी झोप लागत नसे, लागली तर उतरत नसे. एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती आणि मी ती बाजूला सारत होतो: रंग कमी होत होता तसा मला चेहरा जास्त कळायला लागला होता. डोळे मिटलेले होते. निदान मी तसं धरून चाललो होतो.

एका सकाळी ऊन आलं आणि भिंतीवर काही नव्हतं.

सगळी भिंत राखेच्या रंगाची, सपाट, मुकी. मी जवळून बघितलं, लांबून बघितलं, खिडकी लावून बघितलं, उघडून बघितलं. खुंटी हलवून हलवून उपटली आणि भोक बुजवलं. गौराबाईला हाक मारली. ती उंबऱ्यात उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिली, मग मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मीही थकून तिथंच भिंतीसमोर बसलो होतो. मान खाली घातली.

माझ्या पांढऱ्या धोतरावर, मांडीवर, बोटभर उंचीचं काहीतरी हिरवं होतं.

७

मला हसू आलं. दिवसच्या दिवस एका जागी बघितल्यावर दुसरं काय होणार? ही खरी छाया होती, पुस्तकातली. मी तपासलं. नजर फिरवली, ती नजरेबरोबर फिरली. हात लांब करून कागद धरला, ती कागदावर वीतभर झाली. समोरच्या तेल्याच्या भिंतीकडं बघितलं, ती तिथं माणसाएवढी झाली. सगळे नियम पाळत होती. भिंतीवरची ती झाक नियम पाळत नव्हती म्हणून तर मी अस्वस्थ होतो. ही पाळत होती. ही विरणार.

एकच गोष्ट मनात खटकली. मी जे रंगवलं ते शेवटी राखेच्या रंगाचं होतं, आणि राखेला छाया नसते.

आठवडी बाजार होता त्या दुपारी निरोप आला. गौराबाईला मुलगा झाला. सुईण तानुबाई पेठेत सांगत सुटली, "वासरागत पितंय! भित्तीकडं ढुंकून बगत न्हाई!" सिद्धलिंगअप्पांनी दुकानावर गूळ वाटला. मला भेटले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. बन्सीधर म्हणाला, "मास्तर, आता पाथरीत सुईनीच्या आदी तुमाला बलवतेत बगा."

मी खूश होतो. हे लिहून ठेवायला हवं की मी खूश होतो.

८

छाया विरली नाही.

पांढरं किती असतं जगात, हे मला ठाऊक नव्हतं. धोतरं. मुंडाशी. भाकरीवरचं पीठ. दुपारचं आभाळ. दूध. ज्याच्याकडं बघावं त्याच्यावर ते बसलेलं, जवळच्यावर लहान, लांबच्यावर मोठं. जांभळी कमान. तीन काळ्या रेघा. वर्गात मी पांढरा कागद बंद केला. पुड्या बांधायच्या तपकिरी कागदावर चित्रं काढायला लावली. कुणी कारण विचारलं की खेकसायचो. हेही मी तपकिरी कागदावरच लिहितो आहे.

"मास्तर," रायभान एकदा म्हणाला, "तुमी बोलताना माज्याकडं का बगत न्हाईत? मी काय वंगाळ वागलो का?"

"तुझं मुंडासं पांढरं आहे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझं तोंड बघून त्यानं मुंडासं सोडलं, मांडीखाली दाबलं, आणि मागावरची काळी घोंगडी काढून माझ्या गुडघ्यांवर टाकली.

"हिच्याकडं बगा. ही जल्माची काळी हाय, रंगवलेली न्हाई. हिच्यावर काय दिसत न्हाई."

खरंच दिसत नव्हतं. मी त्या घोंगडीकडं बघत किती वेळ बसलो कुणास ठाऊक. कित्येक दिवसांनी जरा बरं वाटलं.

"परभणीला दवाखान्यात दावा डोळं," तो म्हणाला.

"डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मंग कशाला झालंय?"

मी थकलो होतो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मी अजूनही मानतो. फक्त ते शोधायला उठून बसायची ताकद उरली नव्हती.

९

बारशाचं बोलावणं आलं. मी नाही म्हटलं. सिद्धलिंगअप्पा स्वतः आले. "मास्तर, तुमच्याबिगर पाळण्यात घालायचं न्हाई म्हंते गौरा. पैल्याच्या येळी इथवर आलोच न्हाई आमी." मी येतो म्हणालो.

सकाळीच गेलो. मान खाली घालून, जमिनीच्या सारवणावर नजर ठेवून. सारवण काळपट हिरवं असतं, त्याच्यावर काही दिसत नाही. खोलीत बायकांची गर्दी होती, उदाचा वास होता. जंगमस्वामी बाळाला लिंग बांधून नुकतेच बाहेर पडले होते. ऊन त्याच भिंतीवर होतं. मी एकदाच वर बघितलं. राखेचा रंग, सपाट. माझं काम चांगलं झालं होतं.

"बसा की, मास्तर," चन्नबसम्मा म्हणाल्या. मी बसलो. माझ्या पाठीला भिंत लागली तेव्हा कळलं की मी कुठं बसलो होतो. गर्दीत तेवढीच जागा मोकळी होती. बाकी कुणी तिथं बसलं नव्हतं.

गौराबाई समोर आली. तिच्या तोंडावर तेज होतं. वर्गाच्या दिवसांतली ती बाई ही नव्हेच. "घ्या," ती म्हणाली, आणि मी हात पुढं करायच्या आत बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेलं. पांढऱ्या धोतरात.

मी दुसरीकडं बघत राहिलो. दार, पाळणा, बायकांची लुगडी.

"बगा की नीट. कुनावर गेलंय म्हना."

सगळ्या बायका हसत माझ्याकडं बघत होत्या. मी खाली बघितलं.

बाळ निजलं होतं, आडवं, मुठी मिटून. त्याच्या अंगावर, बरोबर त्याच्याएवढं, ते मांडी घालून बसलेलं होतं.

मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर ते काही दिसत नाही, एवढा एक आधार होता. कुणीतरी म्हणालं, मास्तरला भरून आलं.

"भित्तीवर आता काय न्हाई ना, मास्तर?" गौराबाईनं हळूच विचारलं, फक्त मला ऐकू येईल असं.

"भिंतीवर काही नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"आना त्येला हिकडं, जागं व्हायलंय," तानुबाई म्हणाली. मांडीवरचं वजन उचललं गेलं. मी डोळे उघडले. गौराबाई पाळण्याच्या आडोशाला पाठ करून बसली होती, खांद्यावर पदर ओढून, बाळाला अंगाशी घेऊन. तिच्या खांद्यावरून बाळाचं डोकं दिसत होतं.

त्यानं तोंड फिरवलं होतं.

तिनं त्याला पुन्हा आत घेतलं. त्यानं पुन्हा फिरवलं. रडणं नाही, काही नाही. दोन डोळे उघडे, पापणी न हलवता. मी डावीकडं सरकलो. त्याची मानही डावीकडं वळली.

गौराबाईचा हात थांबला. तिनं मागं वळून आधी भिंतीकडं बघितलं, जिथं काही नव्हतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.